चुलीपुढचे गुडघे

कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर आमचं शेतघर. दारात पाटी लावलेली, 'चुलीवरची तांदळाची भाकरी'. ती भाकरी थापणारी मी. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे यायचे, मी उकिडवी बसून फुंकणीनं जाळ करायला लागले की मोबाईल काढायचे. "किती अस्सल!" म्हणायचे. अस्सल कसलं डोंबल! उठताना मी "आई गं" करायची, ते नाही कुणी व्हिडिओत घेतलं.

गुडघे पारच गेले तेव्हा आमच्या मालकांनी पनवेलचं रोबोटवालं हॉस्पिटल शोधून काढलं. नवरा एवढा मायाळू कधी झाला, मला कळेना. गावभर सांगत सुटले, "आमच्या हिचं ऑपरेशन रोबोट करनार हाय." जाऊबाई म्हणाल्या, "टाकं बी तोच घालतो का गं?"

डॉक्टरांनी आधी तो गैरसमज काढला. ऑपरेशन तेच करणार, रोबोटचा हात फक्त माप चुकू देत नाही. मग स्कॅन काढून माझा पाय पडद्यावर गरागरा फिरवला. "मावशी, तुमचे पाय मुळातच जरा बाहेर वाकलेले. सगळ्यांचेच पाय एका सरळ रेषेत नाही बसवत आम्ही. तुमची ठेवण सांभाळून सांधा बसवू. बरं झाल्यावर काय काय करायचंय, सांगा."

मी तोंड उघडायच्या आत मालक बोलले, "चुलीपुढं बसता आलं पायजे, बास."

"उकिडवं बसणं आता बंद," डॉक्टर म्हणाले.

"मंग रोबोटचा उपयोग काय?"

मला असं हसू फुटलं! माझ्या हाडांची ठेवण यंत्राला कळली, पण ज्याच्याबरोबर जन्म काढला त्या माणसाला माझ्या जागी नुसती चूल दिसत होती. हसता हसता संतापही आला.

ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन घरी आले, तर चुलीपुढं सून! आठवडाभर कुंभिवलीच्या कंपनीत राबून आलेली पोर, तिला नऊवारी नेसवून बसवलेली. धुरानं डोळे लाल. मालक म्हणाले, "बघ, तुझी काळजी मिटवली."

मी पाहुण्यांदेखतच म्हटलं, "चूल ओट्यावर घ्या, नायतर पाटी काढा."

"अगं, भाकरी उभ्यानं थापली तर अस्सल वाटंल का?"

"मंग तुमी बसा."

मालक कसले बसतायत! दोन दिवसांत गवंडी आला. ओटा किती उंच, त्यानं विचारलं. मी सुनेला पुढं केलं. ती उत्तर द्यायच्या आधी सासऱ्याकडं बघायला लागली.

"तिकडं काय बघतेस गं?" मी म्हटलं. "कंबर तुझी हाय."