शकुनबाईंच्या सभेतलं अत्तर

बडनेऱ्याला रेल्वेलाइनीपल्याडच्या अंगणवाडीत शकुनबाईंचं राज्य होतं, आणि त्या राज्यात भेदभाव नावाची चीज नव्हती. हे खुद्द शकुनबाईच सांगत. विचारलं नाही तरी सांगत. सगळ्या लेकरांना एकच खिचडी, एकच सतरंजी आणि एकच दटावणी.

म्हणून अमरावतीच्या प्रशिक्षणात मॅडमनी "निरनिराळ्या घरांतल्या पालकांना सामावून कसं घ्यायचं" हा विषय काढला, तेव्हा बाई मध्येच उठल्या. "आमच्या इथं तो प्रश्नच नाही मॅडम. आमी सगळ्यायले बलावतो. ज्याले गरज नाही तो येत नाही." मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या बाईंच्या कानात बडनेऱ्यापर्यंत वाजत होत्या.

आता ते बोलावणं कसं असे, तेही सांगायला हवं. कोरड्या पालकसभेला कुत्रंही फिरकत नाही, म्हणून बाईंनी तिला हळदीकुंकवाची जोड दिली होती. मदतनीस दुर्गाबाई आदल्या दिवशी गल्लीतून हाळी देत फिरे, "उद्या बायकायची सभा हाय वं!" बायका लोटत. बाई स्वतः विधवा; नवरा सूर्यभान जाऊन बरीच वर्षं झालेली. दुर्गाबाईनं ताट फिरवायला घेतलं की बाई दाराशी जाऊन उभ्या राहत, कोण आलं नाही ते बघायला. कुणी हळहळलंच तर म्हणत, "मले काय करायचं त्याचं!"

न येणाऱ्यांत दोघं ठरलेली. शाकीबची आई नसीमबानो, आणि चंदाचा बाप गजेंद्र. गजेंद्र रेल्वेत ट्रॅकमन. बायको तापानं गेली तेव्हापासून त्याची चिमुरडी चंदा बोलायचीच थांबली होती. ते तोंड उघडलं अंगणवाडीत. एक दिवस बाईंच्या मांडीशी बसून ती एकदम म्हणाली, "अजून वाढ." बाई खिचडीचं पातेलं घेऊन आत गेल्या आणि ढसाढसा रडल्या. हे मात्र त्या कुणाला सांगत नाहीत.

एका दुपारी गजेंद्र येऊन उभा राहिला. "चंदाचं नाव काढा बाई. अकोल्याले, जठारपेठेत बहीण हाय माही. तिच्याकडे ठेवतो."

"काहून?"

"तुमीच सांगतलं होतं न. मी सभेले आलो, तर तुमी दारातच म्हणलं, दादा, आत बाया हायेत, घरातल्या बाईले पाठवा. मी म्हणलं, घरात बाई नाही. तुमी म्हणलं, मंग बहिणीले बलवा. बहीण तिचं घर सोडून कशी येईन? म्हणून पोरगीच पाठवून राहिलो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सल्ला मानणाऱ्या माणसाचं ते सरळ बोलणं होतं. टोमणा असता तर बाईंनी व्याजासकट परत केला असता.

शाकीबला न्यायला आलेली नसीमबानो शेजारीच उभी होती. "मी पन आली होती बाई एक बार," ती म्हणाली. "दुर्गाबाई ताट घेऊन माह्यासमोर थांबली. तिलेबी समजेना, मलेबी समजेना. ती पलटली, मंग मीबी पलटली."

बाई भडकल्या. आधी दुर्गाबाईवर. मग अमरावतीच्या मॅडमवर, की टाळ्या वाजवायला लावण्याआधी तिनं दोन प्रश्न विचारायला नकोत? भडकण्यासाठी आणखी कुणी उरलं नाही तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. अकोल्याला जाऊन चंदा पुन्हा गप्प झाली तर?

"पुढची सभा होऊ द्या," त्या गजेंद्रला म्हणाल्या. "तवरक पोरीले हालवू नका."

हळदीकुंकू बंद, असं ठरलं. पण वऱ्हाडात माणूस घरी बोलवायचा आणि कोरडाच परत पाठवायचा? नसीमबानोच्या नवऱ्याचं, गुलाम नबीचं, अत्तराचं दुकान होतं. ती म्हणाली, "अत्तर तर तुमीबी लावता न हळदीकुंकवाले? ते सगळ्यायले चालते."

या वेळी दुर्गाबाईनं हाळी दिली, "उद्या लेकरायच्या घरच्यायची सभा हाय हो! जो असन तो या!"

गजेंद्र भांग पाडून आला आणि चंदाला मांडीवर घेऊन सतरंजीच्या कडेला बसला. नसीमबानो मधोमध बसली होती; अत्तर तिच्या घरचं, तेव्हा किती लावायचं यावर तिचीच देखरेख. दुर्गाबाई एकेकाच्या हाताला अत्तराचं बोट लावत निघाली. गजेंद्रच्या हाताला लावताना बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो लाजला, पण हलला नाही.

शकुनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी तिथं उभं केलं नव्हतं. दुर्गाबाई बाटली घेऊन दारापर्यंत आली आणि सवयीनं मागे वळली.

"बाईचं राहिलं," गजेंद्र म्हणाला.

"त्यायले नाही लावत," दुर्गाबाई गोंधळली.

"कोन म्हणलं?" शकुनबाईंनी विचारलं.

"तुमीच."

मले काय करायचं त्याचं, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. आपण भेदभाव करत नाही, हेही त्या इतकी वर्षं त्याच तोंडानं सांगत आल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची कीव आली.

"लाव," हात पुढं करत त्या म्हणाल्या. "अन् हात आखडू नको."

चंदा बापाच्या मांडीवरून सरकली. तिनं सतरंजीवर हात थोपटला. "बाई, इथं बस," ती मोठ्यानं म्हणाली.

बाई दार सोडून आत आल्या आणि बसल्या. गजेंद्रनं खिशातून मोबाइल काढला आणि जठारपेठेला फोन लावला, पोरगी येत नाही म्हणून.