बारवेवर बसणारे कंडक्टर

दौलत इंगोले, निवृत्त एसटी वाहक, गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कारंजा लाड येथे राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात ते एकटेच होते. शेजाऱ्यांना ते दाराजवळ पडलेले आढळले. पायात चपला होत्या, काखेत छत्री होती. ते कुठे निघाले होते, हे नागपूरहून आलेल्या त्यांच्या मुलाला सांगता आलं नाही. मला माहीत होतं.

त्यांची माझी ओळख सहा वर्षांपूर्वीची. वेशीबाहेरच्या जुन्या बारवेतून भरदुपारी पैंजण ऐकू येतात, अशी चर्चा गावात होती. आमच्याकडे बाहेरचं काही दिसायचं ते रात्रीइतकंच दुपारी बाराला दिसतं, असं मानतात. तालुक्याची वार्ताहर म्हणून मी फोटो काढायला गेले. तिसऱ्या पायरीवर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ बसले होते. हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा होता. तो त्यांनी दगडावर दोनदा वाजवला, टिक टिक, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पेपरवाल्या का?"

मी हो म्हटलं.

"मंग बसा ताई. फोटू काढून पळू नका. सव्वा वाजेपर्यंत बसा, काय होते ते पाहा, अन् मंग लिहा."

सव्वा वाजता ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "लिहा. बारव, बारा ते सव्वा. आवाज नाई."

तोवर मी इंगोल्यांना फक्त नावानं ओळखत होते. पौर्णिमेला विहारात ते भाषण करत. विषय बहुधा एकच असे: आत्मा नाही, भूत नाही, भगत-मांत्रिकाच्या नादी लागू नका. "सत्तावीस वर्षं गाडीवर काढली," ते म्हणत. "बिनतिकिटाचा लई पाह्यला. बिनपायाचा एकबी नाई." लोक हसत. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून मी खोटं बोलत नाही, असं ते शेवटी सांगत आणि खाली बसत.

अशा माणसाचं बारवेवर काय काम, हे मी विचारलं. "खोटं हाये, हे सिद्ध करून राह्यलो," ते म्हणाले. ते मला पटलं. पुढे वर्षभर मी तेच धरून चालले.

कारंजात अशा सात जागा आहेत, असा त्यांचा हिशेब होता. वेशीवरची पहारेकऱ्याची खोली, पडकी सराई, बारव, आणखी चार. प्रत्येक ठिकाणी निदान दहा दुपारी बसायचं, हा नियम. मी जमेल तेव्हा सोबत जाई, कारण त्यांना साक्षीदार हवा होता. "एकट्यानं पाह्यलेलं पंचनाम्यात चालत नाई," असं त्यांचं म्हणणं. जाताना ते ती जागा कुणी बांधली, केव्हा पडली, कोण तिथं मेलं असं गाव मानतं, हे स्टॉपची नावं घ्यावीत तशा आवाजात सांगत. पोचल्यावर आधी चिमटा वाजवत. ती सवय असावी, असं मी समजत होते. वेशीच्या खोलीला एकदा चुना लावला गेला, तेव्हा ते दारातूनच परतले. "रंग मारला की भूतबी घर बदलते," म्हणाले.

सराईत मात्र वेगळं घडलं. तिथं आपल्याला कुणी हाक मारतं आणि पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, असं जुने लोक सांगतात. कारंजात वाढलेलं कुठलंही माणूस तिथून जाताना मुकं होतं. त्या दुपारी आम्ही कमानीखाली बसलो होतो. भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, "ये वो, ये लवकर."

इंगोले लगेच उभे राहिले. "ओ," ते म्हणाले. "आलो."

पलीकडून शेळ्या राखणारी एक म्हातारी डोकावली. "काहून ओ देता बुढेबाबा? मी बकरीले बोलावून राह्यली." मग माझ्याकडे पाहून, "हा येडाबिडा हाये का वो, पोरी?"

"नाई वो माय," इंगोलेच म्हणाले. "वय झालं."

ते परत बसले. चिमटा हातात फिरवत राहिले. त्या दिवशी त्यांनी सव्वा वाजायची वाट पाहिली नाही.

"सुमन गेली तवा मी कामरगावच्या फेरीवर होतो," ते म्हणाले. सुमनबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. "भरदुपारी गेली. घरात कोनी नोतं. मी चार वाजता आलो अन् दारावर चिमटा वाजवला. रोज वाजवो. तो आयकला की ती चहा ठेवे, मंग दार उघडे. मी वाजवला. थांबलो. मले वाटलं, न्हानीत असंन. पुन्हा वाजवला."

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

"सात जागा हायेत, ताई. सातातली एक जरी खरी निघाली, तं मंग बाकीचंबी खरं असू शकते."

"आणि विहारातलं भाषण?"

"ते खरंच हाये. मनून तं पंचाईत हाये." मग म्हणाले, "माहं नाव छापू नका. पोरं हसतीन, ते चालंन. पन मंग भाषण कोन आयकंन?"

मी त्या जागांवर लेख लिहिला. इतिहास बराच होता, भुतं थोडी. त्यात 'एक निवृत्त कर्मचारी' असा उल्लेख केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी केली. "निवृत्त कर्मचारी. बरं हाये. कोनीबी असू शकते."

त्यानंतरही ते पौर्णिमेला बोलत राहिले. एकदा मी मागच्या रांगेत होते. बिनपायाच्या माणसाच्या वाक्यावर सगळे हसले. इंगोले स्वतःही नेहमी हसत, त्या दिवशी हसले नाहीत.

शेवटच्या वर्षी गुडघ्यांमुळे लांब जाणं थांबलं. सहा जागा पूर्ण झाल्या होत्या. बारवेच्या नऊ दुपारी झाल्या होत्या. दहावी आम्ही मंगळवारची ठरवली होती. मी पावणेबाराला बारवेवर पोचले आणि साडेबारापर्यंत त्यांची वाट पाहिली. मग फोन लावला. तो शेजाऱ्यांनी उचलला.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुलानं चिमटा माझ्या हातात दिला. "बाबानं सांगून ठेवलं होतं, पेपरवाल्या ताईले द्यायचा. काहून, ते नाही सांगितलं." मीही सांगितलं नाही.

पावसाळा संपल्यावर वेशीजवळच्या चहावाल्यानं मला थांबवलं. बारवेतून भरदुपारी टिक टिक असा आवाज येतो, असं दोन-तीन जणांनी त्याला सांगितलं होतं. "आता तिथं कंडक्टर बसते मन्तात, ताई. बातमी घ्या."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या पायरीवर बसले. चिमटा माझ्या पिशवीत होता. बरोबर बारा वाजता तो काढून दगडावर दोनदा वाजवला. पाण्यावर एक पाकोळी येऊन गेली. सव्वा वाजता मी वहीत लिहिलं: बारव, दहावी दुपार, बारा ते सव्वा. आवाज नाही.