लंगड्याच्या पुढची पानं

माझी लेक गेली तेव्हा भोकरदनच्या तिच्या खोलीतून दोन पोती सामान घरी आलं. एकात भांडी न् कपडे होते. दुसऱ्यात नुसती पुस्तकं. त्यातली सात एकसारखी दिसणारी, विटेएवढी जाड. एकाच गोष्टीचे सात भाग.

ती सात पुस्तकं मी आधी पाहिलेली होती. लेक भोकरदनला शाळेत मास्तरीण होती. शनिवारच्या दुपारच्या बसनं घरी यायची न् जेवण झालं की ओसरीच्या खांबाला टेकून हेच वाचत बसायची. मी म्हणायचो, "काय त्या खोट्या राजायच्या गोष्टी वाचून राह्यली?"

ती मान वर न करता म्हणायची, "दादा, तुमच्या पोथीतले राजे कोण्या तलाठ्याच्या दप्तरात हायेत?"

तिची आई पदर तोंडाला लावून हसायची.

मी चौथी शिकलेला माणूस. पण आमच्या गावात श्रावणातली पोथी मीच वाचतो. कॉलेजात गेलेल्या पोरायला माझ्यासारखी ओवी लागत न्हाई, हे मी त्यायच्या तोंडावर सांगतो. पण लेकीला चार दिवस ताप आला, संभाजीनगरच्या दवाखान्यात नेली न् तिथून आम्ही तिघांऐवजी दोघंच परत आलो, त्या साली मी देवळात गेलो न्हाई. लोक बोलवायला आल्ते. "तुमच्याबिगर पोथी कशी लागंल?" म्हणले. मी म्हणलो, "लागंल तशी लागू द्या."

मंग एका दुपारी पोत्यातलं पहिलं पुस्तक काढलं, पाटावर ठेवलं, चष्मा चढवला न् बायकोला हाक मारली. "ये. बस. ऐक."

"काय हाय ते?"

"ती वाचायची ते."

बायकोला अक्षरओळख न्हाई. ती कापूस घेऊन देवाच्या वाती वळत समोर बसली. मी मोठ्यानं वाचायला लागलो. मनातल्या मनात वाचायची मला सवय न्हाई. ओठ हलल्याबिगर अक्षर माझ्या डोक्यात उतरत न्हाई.

पहिल्या दहा पानात मी वैतागलो. नावं अशी की जीभ अडकावी. बायको म्हणली, "असली नावं माझ्या ध्यानात राहायची न्हाईत. आपल्या बोलीत सांगा." मंग आम्ही दोघांनी मिळून सगळ्यायचं बारसं केलं. राणी ती थोरली. एक राजा होता, त्यानं आपली सावली पेटीत कोंडून ठेवल्ती, म्हणून त्याला मरण न्हाई. तो अमऱ्या. दगडाचे चालते राक्षस होते, ते धोंडे. अन् थोरलीच्या फौजेबरोबर हंडा घेऊन फिरणारा, एका पायानं अधू असलेला स्वयंपाकी, तो लंगडा.

पुस्तकाच्या सुरुवातीला मुलखाचा नकाशा होता. डोंगर, किल्ले, जंगलं, सगळं काढलेलं. मी बोट फिरवून फिरवून पाहिलं, एक विहीर दाखवलेली न्हाई. हजारो माणसं, घोडे महिना महिना चालून राह्यले न् पाण्याचं नाव न्हाई. मी म्हणलो, "हा लिहिणारा आपल्याकडं एक उन्हाळा राहिला पाहिजे." बायको म्हणली, "तुम्ही वाचा. पाण्याचं लंगडा पाहून घेईल."

लंगड्यावर तिचा जीव जडला होता. लढाईवरून कोणी परत आलं की बाकीचे विचारायचे, जिंकलो का. लंगडा विचारायचा, जेवला का. दुसरं काही बोलायचा न्हाई. बायको एकदा म्हणली, "असा जावई पाहिजे होता."

"लंगडा जावई चालला असता तुला?"

"चालला असता. स्वयंपाक येतो ना. तुम्हाला दोन पाय असून चहा येत न्हाई."

लेक गेल्यावर आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. हसलो न् मी लगेच पुढचं पान उलटलं.

गावात कळायचं ते कळलंच. हॉटेलात एकानं छेडलं, "काय तात्या, म्हातारपणी राक्षसाच्या गोष्टी वाचून राह्यले म्हणे?" मी म्हणलो, "तू मोबाईलमधे दिवसभर काय पाहतो, ते तुझ्या बायकोला सांगू का?" चहा तसाच ठेवून उठला.

खरं सांगायचं तर गोष्टीपेक्षा आम्हाला दुसरीच ओढ होती. पानापानावर लेक सापडायची. कुठं चहाच्या कपाचा गोल डाग. कुठं दुमडलेला कोपरा. एकदा पानाच्या बेचक्यात तिचा लांब केस निघाला. बायकोनं तो बोटाला गुंडाळला. आम्हाला वाटायचं, ती पुढं चालली हाय, आम्ही मागून. वळणावर दिसंल.

पाचव्या पुस्तकाला हात घातला तेव्हा मधूनच एका कागदाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. एसटीचं तिकीट. मला कळायचं ते कळलं. बायकोला सांगितलं न्हाई. पण त्या दिवसापासून माझं वाचन मंदावलं. रोजची पानं कमी झाली. "घसा बसला का?" बायकोनं विचारलं. मी हो म्हणलो.

तिकिटाच्या आधीच्याच अध्यायात लंगडा मेला. धोंडे छावणीवर चालून आले. सगळे पळाले. लंगड्याला पळता येईना, न् तो हंडाही सोडीना. बायकोच्या हातातली वात तशीच राहिली. मी पान उलटलं तर समोर तिकीट. त्यावरची छापलेली अक्षरं उडून गेल्ती. कोरा कागद.

मी पुस्तक मिटलं.

आता आमच्या गावाचा एक नेम सांगतो. ज्या अध्यायात कोणी मरतं, त्या अध्यायावर पोथी मिटायची न्हाई. कितीही वेळ होवो, पुढच्या अध्यायाच्या चार ओव्या तरी वाचायच्या. कुठं दिवा लागला, कोणी पाणी प्यालं, एवढं कानावर घेऊन मंगच लोकायनी उठायचं. न्हाईतर मेलेल्याचा जीव त्याच पानात अडकतो, म्हणतात. हा नेम गावात माझ्याइतका कोणी पाळला न्हाई. लोक जांभया द्यायला लागले तरी मी कोणाला उठू दिलं न्हाई.

बायको माझ्याकडं पाहतच राहिली. "अहो, मरणावर मिटली?"

"मिटली."

"पुढच्या चार ओळी तरी वाचा."

मी तिकीट तिच्यासमोर धरलं. "ती इथपर्यंतच आल्ती. इथून पुढं मी जाणार न्हाई. लेकीला मागं टाकून बाप पुढं जात नसतो."

"अन् तिला मरणावर सोडून जातो?"

मी उठलो न् शेताकडं निघून गेलो. त्यानंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं 'जेवा' न् 'जेवलो' एवढंच. ती दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ शकली असती. गल्लीत शिकलेल्या सुना चिक्कार हायेत. पण तिनं कोणाला सांगितलं न्हाई. ती पण माझ्याएवढीच हट्टी. पुस्तक पाटावर होतं तिथंच राहिलं, मी मिटलं तसं.

सोयाबीन काढायला मजूर लावले होते. एका दुपारी पाण्याची घागर न्यायला घरी आलो, तर बायको ओसरीवर, लेक बसायची त्याच खांबाला टेकून बसलेली. मांडीवर पाचवं पुस्तक. एकेक पान उलटून राह्यली न् प्रत्येक पानावरून हात फिरवून राह्यली.

मला राग आला. "तुला काय कळतं त्यातलं?"

तिनं मान वर केली न्हाई. "वाचून न्हाई राह्यले. पुढं किती पानं हायेत ते पाहून राह्यले." हात चालूच होता. "एवढं राहिलं हो माझ्या लेकीचं. हे सगळं राहिलं. अन् अजून दोन पुस्तकं."

घागर माझ्या हातातून कधी खाली ठेवली गेली, आठवत न्हाई. मजूर तिकडं पाण्याची वाट पाहत होते. तिला मागं टाकायचं न्हाई म्हणून मी अडून बसलो होतो. पण ती काही आपणहून थांबली नव्हती. तिचं वाचन मरणानं तोडलं होतं.

मी बायकोच्या समोर बसलो. चष्मा शेतात राहिलेला. पुस्तक हातभर लांब धरलं न् तिकिटाच्या पुढचं पान काढलं.

छावणीत सकाळ झालेली. जीव वाचलेली माणसं परत आल्ती. कोणाला स्वयंपाक येत नव्हता. लंगड्याचा हंडा पडलेला होता, तो कोणीतरी सरळ केला, पाणी भरलं, धान्य टाकलं. जाळ जास्त झाला. धान्य खाली लागलं, वर कच्चं राहिलं. ते जळकं सगळ्यायनी खाल्लं. कोणीच कोणाला विचारलं न्हाई, जेवला का म्हणून.

तिथं माझा आवाज बसला. या खेपेला खरोखरीच. पोथी वाचताना चारचौघात माझा आवाज कधी कापला न्हाई, याचा मला गर्व होता.

बायको म्हणली, "वाचा ना. जोरात वाचा."

मी वाचत राहिलो. ओळी हलत होत्या, तरी वाचत राहिलो. मजुरायतली एक बाई पाण्यासाठी दारात येऊन उभी राहिली, तिलाही बायकोनं हातानंच थांब म्हणलं. ती बिचारी चौकटीला टेकून ऐकत उभी राहिली. अध्याय संपला तेव्हा मी खूण शोधायला लागलो न् तिकिटाकडं हात गेला.

"ते राहू द्या," बायको म्हणली. "ते तिचं हाय." न् वाती वळून ठेवलेल्या ताटलीतली एक वात उचलून माझ्या हातात दिली.

आता सहावं पुस्तक चालू हाय. अमऱ्याची पेटी अजून कोणाला सापडली न्हाई. पानावर आता चहाचा डाग न्हाई, कोपरा दुमडलेला न्हाई. सगळी पानं कोरीकरकरीत, एकमेकाला चिकटलेली. मी ती नखानं सोडवतो न् बायकोला वाचून दाखवतो. लंगडा गेल्यापासून कोणी घोड्यावरून उतरलं की बायको थांबा म्हणते, न् पुस्तकात नसलेलं वाक्य आपणच विचारते.

"जेवला का रे?"

मंग मी पुढं वाचतो.