जिन्याखालचा चार्जर

आमच्या बिल्डिंगमधले चौघं एकत्र बसले की गप्पा कुठूनही निघोत, शेवटी चार्जरपाशीच येऊन थांबतात. शहापुरातली जुनी तीन मजली इमारत. लिफ्ट नाही, जिना एकच, आणि सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला त्याच जिन्याखाली! मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली. तरी कुणी काही विचारलं की माझं उत्तर "बहुतेक"नं सुरू होतं. एका विचारानं मात्र माझी झोप उडायची. सगळ्यात वरच्या मजल्यावर मालूआक्का एकट्या राहतात. गुडघे गेलेले, कठडा धरून आडव्या उतरतात. खाली बॅटरी पेटली तर त्या उतरणार कुठून?

*

पहिल्या मजल्यावरचे आप्पा वकील मात्र बॅटरी काढून घरात नेत. चार्जिंग कुठे? देवघरात! शेजारी नंदादीप.

"आप्पा, दोन्हीतलं एक हलवा."

"देव हलवू?"

"बॅटरी हो!"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर बॅटरी स्वयंपाकघरात, गॅस सिलिंडरला टेकून. "सर, तुमचा शब्द मोडला नाही!"

*

दुसऱ्या मजल्यावरचा बाळू मूळचा काकतीचा. थंडीत त्यानंही बॅटरी घरात आणली आणि चार्जिंगला लावून गोधडीत गुंडाळली. "लई गारठा हाय, सर!"

उष्णता बाहेर का पडू द्यायची, यावर मी त्याला सविस्तर व्याख्यान दिलं. त्यानं मान डोलावली आणि बॅटरीला टेबल फॅन लावला. उन्हाळ्यात सासरे आले, घामाघूम झाले, तरी फॅन बॅटरीकडेच!

"मामा, जरा सरकून बसा," बाळू त्यांना म्हणाला, "तिचं वारं अडतंय!"

*

माझा भाचा निपाणीचा. त्याच्या गाडीला भलत्याच कंपनीचा चार्जर. "पिन बसतीय की, मामा!"

मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "हाही तुझ्या नाकावर बसेल. म्हणून दिसेल का?"

त्यानं घातला. इकडंतिकडं बघितलं. "आयला! मामा, लई झ्याक दिसतंय!"

डोळे तपासले, नंबर निघाला. मग नवा चार्जरही आणला. म्हणाला, "तुमचं काय सांगता येत न्हाय. निम्मं खरं निघतंय!"

*

खंडेनवमीला स्कूटरची पूजा. हार, लिंबू, कापूर. बाळूला उदबत्ती खोचायला जागा सापडेना. चार्जिंगचं भोक त्याला अगदी मापाचं वाटलं!

मी भर आरतीत किंचाळलो. आप्पा डोळे न उघडताच म्हणाले, "सर, निदान तालात ओरडा!"

*

त्याच दिवशी मी सगळ्यांपुढे हात जोडले. चार्जिंग जिन्याखालून हलवा, मागच्या उघड्या अंगणात न्या.

"सर गप्प बसणार असतील तर मंजूर," आप्पा म्हणाले.

मंजूर झालं. मी गप्प बसलो नाही. धूर दिसला की बघत उभं राहायचं नाही, पाणी ओतायला जायचं नाही, सामान गोळा करायचं नाही. सरळ रस्त्यावर, आणि तिथून अग्निशामक दलाला फोन! सगळे हसले. मालूआक्कांनी तेवढं विचारलं, "चपला घालायच्या का न्हाय?"

*

उन्हाळ्यातली दुपार. अंगणातून फुसफुस ऐकू आली, मग पांढरा धूर, मग ज्वाळा. एक स्कूटर पेटली. माझी! का, ते मला अजून कळलेलं नाही.

जिना मोकळा होता. सगळे धडाधड रस्त्यावर आले, बाळूनं फोन लावला. माणसं मोजली. मालूआक्का नाहीत!

माझेच नियम मोडून मी वर पळालो. दाराला कुलूप. तसाच खाली आलो, तर समोरच्या साडीच्या दुकानाच्या पायरीवर आक्का! पायांत चपला, हातात चहाची कपबशी.

"आक्का! तुम्ही कधी उतरलात?"

"तुमच्या आधी. धूर दिसला, उतरलो. जिना मोकळा हुता की!"

मला रडूच कोसळलं. "आणि पेटली ती माझीच गाडी, आक्का! एवढी काळजी घेऊन!"

आक्कांनी बशीत चहा ओतून माझ्यापुढं धरला.

"रोज खिडकीतनं टक लावून बसायचासा तिच्याकडं. दृष्ट लागंल न्हाय तर काय हुईल वो?"