आत्याच्या नावाची नानकटाई

आमची आत्या दुसऱ्याच्या घरचा फराळ आधी हुंगायची. मग बोटांनी मोडून आतलं बघायची आणि बहुतेक वेळा खायचीच नाही; तिचं सोवळं गल्लीभर प्रसिद्ध होतं. बाबांची ही थोरली बहीण विधवा होऊन तंजावरला माहेरी परतली आणि आमचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. मला ती आवडत नसे. गेली म्हणून आता आवडू लागली, असंही झालेलं नाही.

तिचा राग निघायचा तो माझ्या आईवर. आई साताऱ्याची. आमच्या तंजावरी घरात सून होऊन आली तेव्हा तिची आमच्याहून वेगळी मराठी ऐकून आत्या म्हणाली होती, "ही बोलते का भांडते, कळना." दिवाळीला आईने केलेले चिरोटे आत्या फडताळात मागे ढकलायची. गल्लीत ताटं जायची ती आत्याच्याच हातच्या चकलीसारख्या मुरुक्कूची आणि गुळाच्या पाकातल्या, अनारशासारख्या अधिरसमची. अधिरसम ती फार सुंदर करायची, हे कबूल करणं माझ्या जिवावर येतं. आईला एवढंच वाटायचं, की एखाद्या दिवाळीला एक तरी ताट आपल्या हातचं, आपल्या नावाने बाहेर जावं.

गल्लीत केबल आली त्या सुमारास मामाने आईला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणून दिला. आई त्यात नानकटाई करू लागली. तुपावेलचीचा वास घरभर पसरला की आत्या दारात येऊन उभी राहायची. "ह्या पेट्टींत निखारा नाही, तेल नाही. मग भाजतें कोण?" एकदा तर तिने गुपचूप प्लगच काढून ठेवला. ओव्हन बिघडला असं समजून आई रडकुंडीला आली होती आणि आत्या शांतपणे शेंगा सोलत बसली होती.

मग एका दिवाळीला आत्याचा पाक चुकला. अधिरसम कढईत विरघळून गेले. डोळे अधू झालेत हे मान्य करेल तर ती आत्या कसली. तिने तेलाला आणि तेलवाल्याला शिव्या दिल्या. पण ताटं तर जायलाच हवी होती. आईला न विचारता तिने नानकटाईचा डबा उघडला, ताटं भरली आणि स्वतः घरोघर नेऊन दिली. संध्याकाळी शेजारच्या तमिळ मामी आईला कौतुकाने म्हणाल्या, या वयातही तुझी नणंद नवीन शिकते बघ.

आई फणफणत घरात आली. आत्यापुढे तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"वन्सं, माझं केलेलं तुम्ही तुमचं म्हणून वाटलंत?"

आत्याने मान वर केली नाही. "पेट्टींतलं मणजे अंड असतें मणून असकी गल्ली मणते. तुझं नाव सांगटले तर टाकून देतील. माझं मणून खाल्ले."

आईला ते पटलं नाही, मलाही नाही. चोरी ती चोरीच. पण त्यानंतर दर दिवाळीला नानकटाई आत्याच्याच नावाने गेली, आणि आई दात-ओठ खात पीठ मळत राहिली.

आत्या गेली त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी झाली नाही. पुढच्या दिवाळीला आई नवी साडी नेसून स्वतः ताट घेऊन निघाली. मी बरोबर होते. मामींच्या दारात ती ठसक्यात म्हणाली, "मी केलीय."

मामींनी ताटावरचा रुमाल उचलला, एक नानकटाई हातात घेतली आणि परत ठेवली. मग अवघडून म्हणाल्या, राग मानू नकोस, पण यात अंडं नाही ना? तुझी नणंद होती तेव्हा विचारावं लागत नव्हतं.

आईचा चेहरा पडला. आता ती चांगलं सुनावणार, असं मला वाटलं.

"नाही हो मामी," ती म्हणाली. "वन्संनीच शिकवली मला."

मामींनी लगेच नानकटाई तोंडात टाकली. अगदी तिचाच हात, म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर आई पुटपुटली, "मेल्यावरसुद्धा एक ताट माझ्या नावाने जाऊ देत नाही ही बाई." मग तिने डोळे पुसले आणि पुढच्या घरी कुणी विचारायच्या आतच आत्याचं नाव सांगून टाकलं.