राफ्टवाल्यांसाठी झाकून ठेवलेला मासा

आमची कंपनी तेव्हा खडकवासल्याच्या पाण्याकाठी कॅम्पला होती. मी हवालदार. शिक्षण सातवी नापास, पण राफ्ट बांधण्यात माझ्या सेक्शनचा हात कोणी धरला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. राफ्ट म्हणजे मोठा तराफा. त्यावर गाडी चढवून पलीकडे न्यायची.

पहाटे पीटी, मग राफ्ट, दुपारी लंगरात जेवण. आमच्यात एक रीत होती. पाण्यावर गेलेले जवान परतल्याशिवाय काठावरच्यांनी ताट उचलायचं नाही. उशीर कितीही होवो. त्या रीतीचा मला आजही अभिमान आहे. घात तिनेच केला.

एप्रिलचं ऊन होतं. कुकने सकाळीच रोहू तळून रस्सा केला आणि पातेलं झाकून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. इकडे आमचा दोरखंड तळाशी अडकला. तो सुटेपर्यंत दुपार कलली. सगळी कंपनी उपाशी आमची वाट बघत बसलेली. कुकने रस्सा पुन्हा खळखळून उकळला. वास चांगला, चव चांगली. मी भंडाऱ्याचा, तलावातल्या माशांवर वाढलेला माणूस. मला मासा कळतो. त्यात खोट म्हणून दिसली नाही.

माझ्या शेजारी माझ्याच सेक्शनचा जवान, सॅपर बबन बसला होता. तोही भंडाऱ्याचाच.

"उस्ताद, माशाचं डोकं तुमच्या ताटात कसं काय आलं? दात तर माझे शाबूत आहेत."

"घे बाबा, घे. तोंड बंद ठेव." मी डोकं त्याच्या ताटात टाकलं.

जेवून आम्ही परत राफ्टवर. ऊन उतरायच्या बेताला, पाण्याच्या मध्यावर, पहिला जवान ओकला. मी हसलो. म्हटलं, "गावात होडी पाहिली नव्हती का रे?" मग दुसरा. मग माझ्याच पोटात पीळ पडला आणि हातापायांतलं बळ गेलं. वल्ही कोणाच्याने उचलेनात. राफ्ट वाऱ्याबरोबर सरकायला लागली.

मी वायरलेस घेतला.

"कंट्रोल, राफ्ट वन. माणसं आजारी. सेफ्टी बोट पाठवा. ओव्हर."

"राफ्ट वन, किती आजारी? ओव्हर."

"सगळी. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग ऑपरेटरचा आवाज आला, रडवेला. "उस्ताद, बोटवालेही आडवे झालेत. काठावर उभं कोणी नाही. ओव्हर."

तेव्हा मला भीती वाटली. आयुष्यात तशी कधी वाटली नव्हती. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणून थांबले होते. आता आम्हाला काढायला धड माणूस उरला नव्हता.

बबन कडेला वाकून ओकत होता. पोट आवळतंय म्हणून त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले.

"बबन, पट्टे लाव. ऑर्डर आहे."

"लावतो उस्ताद. एवढी एक कळ जाऊ द्या."

कळ गेली नाही. तो गुडघ्यावरच कलंडला आणि पाण्यात गेला. मी पालथा पडून त्याचं मनगट धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मला उलटीचा उमासा आला. उमाशात मूठ उघडते. ते माणसाच्या हातात नसतं.

ऑपरेटरने बोलावलेली शेजारच्या कॅम्पची बोट आली तेव्हा अजून उजेड होता. बाकी सगळे वाचले. बबन दुसऱ्या दिवशी सापडला.

डॉक्टर मेजरसाहेबांनी नंतर समजावलं. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या माशात जंतू वाढतात आणि विष सोडतात. उकळल्याने जंतू मरतात, विष राहतं. त्याला वास नसतो, चव नसते. माझं नाक त्या दिवशी काय कामाचं?

आता मी कर्वेनगरला राहतो. परवा शेजारच्या काकूंच्या ओट्यावर सुरमईची आमटी सकाळपासून झाकलेली दिसली. त्यांचा मुलगा ऑफिसातून यायचा होता. मी पातेलं उचललं आणि ओतून दिलं.

काकू म्हणाल्या, "अहो हवालदारसाहेब, मासा होता तो. बॉम्ब नव्हे."

मी पातेलं घासून त्यांच्या ओट्यावर पालथं घातलं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठीच.

आमच्या घरी मासा शिजला की गरम असतानाच जेवायचं. येणाऱ्याचा वाटा लगेच फ्रिजमध्ये. पातेलं कोणाची वाट बघत ओट्यावर राहत नाही. आणि डोकं बायको माझ्या ताटात वाढत नाही. ते मी बबनला देऊन टाकलंय.