अ‍ॅपला माझा चेहरा पटेना

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

काल बाबांचं तेरावं झालं. आज सकाळी गव्हाणहून गाडी काढली, पनवेल स्टेशनला आलो आणि भाड्यासाठी टॅक्सीचं अ‍ॅप चालू केलं. नेहमीसारखा सेल्फी मागितला. काढला. म्हणे, टोपी काढा. काढली. तर म्हणे, चेहरा जुळत नाही. खातं बंद!

जुळणार कसा? मी थोरला मुलगा. दहाव्याला डोक्याचे केस गेले, मिशीसुद्धा गेली.

हेल्पच्या चॅटवर सगळं लिहिलं. वडील वारले, केस काढलेत, लायसन्स दाखवतो, आधार दाखवतो. उत्तर आलं, "प्रिय पार्टनर, जुन्या फोटोशी जुळणारा सेल्फी पाठवा." परत लिहिलं, परत तेच. फोन करावा तर नंबरच नाही.

बाजूचा गाडीवाला रमेश बघत होता. म्हणाला, "केस येईपर्यंत घरी बस. दुसरं काय नाय करता येत." मस्करी करत नव्हता तो. त्याचंही हेच झालं होतं.

आधी मी उरणच्या एका शेठची गाडी चालवायचो. जरा उशीर झाला की शिव्या घालायचा. पण माझी आई गेली तेव्हा मातीला आला, खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

त्या शेठचा मी नोकर होतो. या कंपनीचा म्हणे मी पार्टनर आहे. मग बाप गेला हे ज्याला सांगता येईल, असा एक तरी माणूस आहे का यांच्याकडे? तुमच्यापैकी कुणाला भेटला असेल तर मला पत्ता द्या. हे टक्कल असंच घेऊन जातो त्याच्यासमोर.